फोन मराठीत केला की ॲप बंद पडतं: आकडे लिहिण्या-वाचण्यातला घोळ कसा शोधायचा आणि कसा मिटवायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "ॲप इतके दिवस व्यवस्थित चालत होतं. फोनची भाषा मराठी केली, आता रक्कम भरून 'जतन करा' दाबलं की बंद पडतं." कधी ॲप बंद पडत नाही, पण रक्कम शून्य दिसते. कधी जुन्या पावत्याच सापडत नाहीत. यावर मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: फोनची भाषा पुन्हा इंग्रजी करून बघा. तसं केलं की ॲप चालतं, तक्रार निकाली निघते, कोडमधली चूक मात्र जागच्या जागी राहते आणि पुढच्या आवृत्तीत दुसऱ्याच पडद्यावर डोकं वर काढते.

हे उत्तर देणं थांबवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपला फोन आपल्या भाषेत वापरणाऱ्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. चूक आकडे लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मोजक्या ओळींत असते. त्या ओळी शोधायच्या कशा हे एकदा कळलं की दुरुस्ती अवघड नाही.

खालचं सगळं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल आहे. कॉटलिन ही भाषा जावाच्याच वर्गांवर उभी असल्यामुळे बहुतेक भाग तिलाही लागू पडतो. वर्गांची आणि मेथडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. अवतरणचिन्हांत किंवा कोडमध्ये "12" दिसलं तर ते संगणकाचे नेहमीचे आस्की अंक समजायचे, "१२" दिसलं तर देवनागरी.

लक्षणं

सगळ्यात सोपी केस म्हणजे लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) सरळ एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक, दिसते:

नंबरफॉरमॅटएक्सेप्शन: फॉर इनपुट स्ट्रिंग: "१२५०.५०"

इथेच पुष्कळ जण फसतात. आकडा तर बरोबर दिसतोय, मग जावाला तो का वाचता येईना? मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना १२५०.५० मध्ये काहीच खटकत नाही, म्हणून तो दुसरीकडे शोधत बसतो. खटकायला हवं ते इतकंच की अंक देवनागरी आहेत.

दुसरं लक्षण एसक्यूलाइटचं, म्हणजे ॲपमधल्या छोट्या डेटाबेसचं. एरर येते ती "नो सच कॉलम: १२" अशी. क्वेरी जर स्ट्रिंग जोडून, म्हणजे "...व्हेअर आयडी = %डी" अशा साच्यात आकडा बसवून तयार केली असेल, तर मराठी फोनवर तिथे "१२" जाऊन बसतं. एसक्यूलाइट आस्कीबाहेरचं कुठलंही अक्षर नावाचा भाग मानतं. त्यामुळे "१२" हा आकडा न राहता १२ नावाचा स्तंभ होतो, आणि असा स्तंभ टेबलात नसतो.

तिसरं, सर्व्हर विनंती नाकारतो. सर्व्हरशी देवाणघेवाणीच्या जेसन या मजकूर-साच्याच्या व्याकरणात संख्या फक्त 0 ते 9 या अंकांनी लिहिता येते. देवनागरी अंक आले की पार्सर (मजकूर वाचणारा कोड) तिथेच थांबतो. यूआरएलमध्ये अक्षांश-रेखांश पाठवणाऱ्या ॲपमध्ये अंकांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, कारण प्रत्येक देवनागरी अंक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा होतो आणि प्रत्येक बाइट वेगळा लिहिला जातो.

या तिन्हींत निदान काहीतरी तुटल्याचं कळतं. खरी धास्ती वाटते ती न तुटणाऱ्या केसची. कॉटलिनमध्ये सवयीने लिहिलं जातं: टूडबलऑरनल, आणि नल (म्हणजे 'काहीच नाही') आलं तर 0.0. मराठी फोनवर "१२५०.५०" वाचता येत नाही, नल येतं, आणि साडेबाराशेच्या जागी शून्य रुपये जतन होतात. ना एक्सेप्शन, ना लॉग. किराणा दुकानदार उधारीची वही म्हणून असं ॲप वापरत असेल तर त्याचं नुकसान होऊन जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

तसंच तारखांचं. नोंदीची तारीख मजकूर म्हणून "२०२४-०१-१५" अशी साठली आणि नंतर ती "2024-06-01" शी अक्षरानुसार ताडून पाहिली, तर देवनागरी तारीख नेहमीच मोठी ठरते. आस्की अंकांचे क्रमांक ४८ ते ५७ आहेत, देवनागरीचे युनिकोडमध्ये २४०६ ते २४१५. म्हणजे "तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदी काढून टाका" ही क्वेरी या नोंदींना कधी हातच लावत नाही, आणि "सगळ्यात नवी नोंद आधी" या यादीत जुन्याच नोंदी वर बसून राहतात.

असं का होतं

मुळाशी या दोन ओळी आहेत:

स्ट्रिंग मजकूर = स्ट्रिंग.फॉरमॅट("%.2एफ", रक्कम);
डबल परत = डबल.पार्सडबल(मजकूर);

पहिली ओळ माणसासाठी लिहिते, दुसरी यंत्रासाठी वाचते. स्ट्रिंग.फॉरमॅटला लोकॅल (भाषा आणि देश यांची निवड) दिलं नाही तर ते यंत्राचं डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरलेलं, लोकॅल घेतं, आणि लोकॅल मराठी असेल तर मराठी अंक वापरतं. डबल.पार्सडबलला लोकॅल हा प्रकारच ठाऊक नाही. त्याला फक्त आस्की अंक आणि टिंब कळतं. जर्मन लोकॅलवर याच दोन ओळी दुसऱ्या कारणाने फुटतात, तिथे दशांशाच्या जागी टिंब न येता स्वल्पविराम येतो. आपल्याकडे टिंब टिंबच राहतं, अंक बदलतात.

जावाची गोम अशी की सगळ्या मेथड सारख्या वागत नाहीत, त्यामुळे एका पडद्यावर चालतं आणि दुसऱ्यावर फुटतं. इंटीजर.पार्सइंट आणि लाँग.पार्सलाँग यांना "१२३" दिलं तर ते मुकाट्याने 123 देतात, कारण ते आतून कॅरॅक्टर.डिजिट वापरतात आणि त्याला युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखता येतात. बिगडेसिमलचा कन्स्ट्रक्टरही देवनागरी अंक घेतो. डबल आणि फ्लोट घेत नाहीत. म्हणून नग मोजणारा पडदा चालतो, रुपये-पैसे मोजणारा पडतो, आणि तपासणारा गोंधळून जातो.

लिहिण्याच्या बाजूलाही हेच. इंटीजर.टूस्ट्रिंग, स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ, अधिकचं चिन्ह वापरून जोडलेला आकडा, कॉटलिनमधला डॉलरचं चिन्ह लावून मजकुरात बसवलेला आकडा: हे सगळे कायम आस्की अंक देतात. "%डी" आणि "%एफ" लोकॅल पाळतात. "%05डी" मधली पुढची भरतीची शून्यंही देवनागरी होतात, म्हणजे पावती क्रमांक "00012" चा "०००१२" होतो. "%एक्स" मात्र लोकॅल पाळत नाही, त्यामुळे रंगांचे कोड आणि हॅश शाबूत राहतात.

सिंपलडेटफॉरमॅट लोकॅलचे अंक वापरतो. डेटटाइमफॉरमॅटर, जो जावा ८ पासून आहे आणि अँड्रॉइडवर आवृत्ती ८ पासून, तो स्वतःहून आस्की अंकच वापरतो. पण महिन्यांची नावं तोही लोकॅलप्रमाणे घेतो: "15-Jan-2024" या साच्यातली तारीख इंग्रजी लोकॅलवर वाचता येते, मराठीवर डेटटाइमपार्सएक्सेप्शन येते, कारण तिथे त्याला जानेवारीचं मराठी रूप हवं असतं.

आता एक प्रश्न हमखास येतो: आम्ही हिंदीत तपासलं होतं, तिथे तर काही झालं नाही. बरोबर आहे. भाषांची ही माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून येते. त्यात मराठी आणि नेपाळीचे ठरलेले अंक देवनागरी आहेत, हिंदीचे मात्र आस्की. बंगालीला बंगाली अंक आहेत. म्हणजे भारतीय भाषांची चाचणी म्हणून फक्त हिंदी लावून पाहिली तर ही चूक कधीच सापडणार नाही. चाचणी मराठीतच करावी लागते.

सर्व्हरवर जावा वापरणाऱ्यांसाठी यात आणखी एक वळण आहे. जावा ८ मध्ये स्वतःचा जुना डेटा होता. त्यात हिंदी-भारत या लोकॅलला देवनागरी अंक होते आणि मराठी लोकॅल समाविष्टच नव्हतं. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून सीएलडीआर हा मूळ स्रोत झाला आणि चित्र बरोबर उलटं झालं: हिंदीला आस्की, मराठीला देवनागरी. जावा ८ वरून ११ किंवा १७ वर गेल्यावर एक ओळही न बदलता अहवालातले अंक बदलले, असं कुणी सांगत असेल तर आधी इथे पाहा.

आधी तुमच्या यंत्रावर घडवून आणा

फोन शोधत बसायची गरज नाही. टेस्टच्या सुरुवातीला लोकॅल.सेटडिफॉल्ट ला लोकॅल.फॉरलँग्वेजटॅग("एमआर-आयएन") द्या, टेस्ट चालवा आणि शेवटी जुनं लोकॅल परत ठेवा. परत ठेवायला विसरलं तर पुढच्या टेस्ट विनाकारण फुटतात. सगळ्याच टेस्ट मराठीत चालवायच्या असतील तर जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करताना यूझर.लँग्वेज या प्रॉपर्टीला एमआर आणि यूझर.कंट्रीला आयएन द्या. माझं मत विचाराल तर हे बिल्डमध्ये कायमचं ठेवावं: एकदा मराठी, एकदा जर्मन, एकदा तुर्की. मराठी अंक पकडते, जर्मन दशांशचिन्ह पकडते, आणि तुर्की छोट्या-मोठ्या अक्षरांचा घोळ पकडते. तुर्कीत मोठ्या आयचं छोटं रूप बिनटिंबाचं असतं, त्यामुळे टूलोअरकेस करून ताडलेल्या 'की' (नोंद शोधायच्या खुणा) जुळत नाहीत.

चूक दिसली पण जागा कळत नसेल, तर संशयित स्ट्रिंग नुसती छापू नका. छापलेला "१" वाचून पुढे जायची आपल्याला सवय असते. तिच्यातल्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापा. ४८ ते ५७ असेल तर ठीक. २४०६ ते २४१५ दिसला तर अंक देवनागरी. १६० दिसला तर तिथे न तुटणारी मोकळी जागा आहे, तिच्याकडे पुढे येतो.

ओटीपी किंवा पिनकोड अक्षर-अक्षर करून वाचणारा हाताने लिहिलेला कोड असेल तर तो आधी तपासा. तिथे अक्षरातून '0' वजा करून अंक काढलेला असतो. '१' चा क्रमांक २४०७, त्यातून ४८ गेले की उरतात २३५९. एकाच्या जागी २३५९ घेऊन पुढचं सगळं गणित चालतं, आणि वापरणाऱ्याला इतकंच दिसतं की ओटीपी चुकीचा आहे.

दुरुस्ती: लिहिण्याची बाजू

कोडमधल्या प्रत्येक फॉरमॅटपाशी एकच प्रश्न विचारायचा: हा मजकूर कोण वाचणार आहे? डेटाबेस, सर्व्हर, फाइलचं नाव, लॉग, कॅशेची की, दुसरा प्रोग्रॅम, यांपैकी कुणी वाचणार असेल तर लोकॅल.रूट, म्हणजे कुठल्याच भाषेशी न बांधलेलं लोकॅल, द्या:

स्ट्रिंग.फॉरमॅट(लोकॅल.रूट, "%.2एफ", रक्कम)

माणूस वाचणार असेल तर त्या माणसाचं लोकॅल द्या, तेही उघडपणे लिहून. पडद्यावर ₹१,२५०.५० दिसणं ही चूक नाही, तीच तर मराठी वापरणाऱ्याची अपेक्षा असते. लोकॅल न देता फॉरमॅट वापरणं मात्र सोडून द्या. पुढे कोड वाचणाऱ्याला मग हेतू तरी कळतो. सिस्टिम.आउट.प्रिंटएफ आणि जावा १५ मध्ये आलेलं फॉरमॅटेड हेही डिफॉल्ट लोकॅलच घेतात, शोधताना तेही धरा.

एसक्यूएलमध्ये तर फॉरमॅट वापरूच नका. प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्य बाइंड करा, म्हणजे वेगळं द्या. आकडा आकडा म्हणूनच जातो, अंकांचा प्रश्न उरत नाही आणि इंजेक्शनचाही (मजकुरातून परकी आज्ञा घुसवण्याचा).

तारखांसाठी सिंपलडेटफॉरमॅट काढून लोकलडेट आणि डेटटाइमफॉरमॅटर.आयएसओ_लोकल_डेट घ्या. साच्यात महिन्याचं नाव असेल आणि ते यंत्र वाचणार असेल तर लोकॅल.इंग्लिश लिहा. सिंपलडेटफॉरमॅट ठेवावाच लागला तर कन्स्ट्रक्टरला लोकॅल द्या.

इथे दोन उपाय सुचवले जातात, ते करू नका. पहिला, ॲप सुरू होतानाच सगळ्यांचं डिफॉल्ट लोकॅल इंग्रजी करून टाकणं. त्याने क्रॅश थांबतो, पण महिन्यांची नावं, वारांची नावं, आकडे, सगळं इंग्रजी होतं. म्हणजे "फोन इंग्रजीत करा" हेच आपण न विचारता करून टाकलं. शिवाय अँड्रॉइडवर भाषा बदलली की प्रणाली डिफॉल्ट पुन्हा लावते आणि चूक परत येते.

दुसरा, फॉरमॅट काढून नुसतं जोडणं. पूर्णांकांना ते चालतं. डबलला चालत नाही: रिकाम्या स्ट्रिंगला एक कोटीचा डबल जोडला की "1.0E7" असं घातांकाचं रूप मिळतं. एक कोटीच्या खालच्या रकमा नीट दिसतात म्हणून चाचणीत हे सुटतं, आणि पहिला मोठा व्यवहार आला की उघडं पडतं. बिगडेसिमलचं टूप्लेनस्ट्रिंग घ्या. त्याहून बरं म्हणजे रक्कम आधीपासून रुपयांऐवजी पैशांतच, लाँगमध्ये (पूर्णांकात) ठेवा.

फॉरमॅटच्या जागी डेसिमलफॉरमॅट आणणाऱ्यांनी पूर्णांकनाकडेही लक्ष द्यावं. "%.2एफ" अर्धा आला की वर नेतो, डेसिमलफॉरमॅट मूळ सेटिंगमध्ये अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे नेतो. 0.125 चे पहिल्यात 0.13 होतात, दुसऱ्यात 0.12. जीएसटीच्या हिशेबात एका पैशाचा फरक कुठून आला, हे शोधायला फार वेळ जातो.

काही ठिकाणी मराठी मजकूर हवा पण अंक इंग्रजी हवेत, अशी खरी गरज असते. उदाहरणार्थ बँक खात्याचा क्रमांक, जो वाचून दुसरीकडे टंकायचा आहे. त्यासाठी लोकॅलच्या टॅगमध्येच सोय आहे: "एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटन". यातला एनयू म्हणजे अंकपद्धती. मराठी तशीच राहते, अंक आस्की होतात.

लाखाचा स्वल्पविराम हा वेगळा विषय, पण प्रश्न नेहमी सोबतच येतो म्हणून लिहितो. डेस्कटॉप आणि सर्व्हरच्या जावामधला डेसिमलफॉरमॅट गटाचा एकच आकार पाळतो. "#,##,##0" असा साचा दिला तरी तो शेवटचा तीनचा गट घेतो आणि बारा लाखांचं "1,234,567" करतो. लोकॅल भारतीय दिलं तरी हेच. साचा बदलत बसण्यात वेळ घालवू नका. आयसीयू-फोर-जे ही लायब्ररी घ्या, ती "12,34,567" बरोबर देते. अँड्रॉइड ७ पासून आयसीयूचे वर्ग प्रणालीतच आहेत.

दुरुस्ती: वाचण्याची बाजू

लिहिण्याची बाजू नीट केली की आपण स्वतः तयार केलेले देवनागरी आकडे थांबतात. पण मराठी कीबोर्डवरून माणूस "१२५०.५०" टंकणारच, आणि त्याचा तो हक्क आहे. त्याला "कृपया वैध रक्कम भरा" असं सांगणं मला अपमानास्पद वाटतं, कारण त्याने भरलेली रक्कम शंभर टक्के वैध आहे. ती आपल्याला वाचता आली पाहिजे.

ॲपमध्ये माणसाचा मजकूर जिथून आत येतो तिथे एकच मेथड ठेवा, आणि सगळे पडदे तिच्यातूनच जाऊ द्या. काम सोपं आहे. मजकुरातलं एकेक अक्षर घ्या. कॅरॅक्टर.इजडिजिट खरं असेल तर कॅरॅक्टर.डिजिट(अक्षर, 10) ने त्याची किंमत काढा आणि तो अंक '0' मध्ये मिळवून आस्की अक्षर म्हणून जोडा. अक्षर रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम किंवा मोकळी जागा असेल तर सोडून द्या. बाकी जसंच्या तसं जोडा. तयार झालेली स्ट्रिंग बिगडेसिमलला द्या. तिथे एक्सेप्शन आली तर मात्र ती खरीच चूक आहे, वापरणाऱ्याला तसं सांगा. शून्य मानून पुढे जाऊ नका.

ही मेथड रुपयांच्या रकमेसाठी आहे, हे लक्षात ठेवा. जर्मन लोकॅलवर स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, तिथे तो गाळला की साडेबाराचे सव्वाशे होतात. ॲप परदेशातही जात असेल तर तिथे नंबरफॉरमॅट वापरा.

मोकळ्या जागेबद्दल. वेबपानावरून किंवा एक्सेलमधून चिकटवलेल्या आकड्यात न तुटणारी मोकळी जागा येते, क्रमांक १६०. ट्रिम तिला काढत नाही. जावा ११ मधलं स्ट्रिपही काढत नाही, कारण कॅरॅक्टर.इजव्हाइटस्पेस तिला मोकळी जागाच मानत नाही. कॅरॅक्टर.इजस्पेसकॅर मानतं, ते वापरा.

पडताळणीच्या रेगेक्सवर (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रावर) भिस्त ठेवणाऱ्यांनी सावध राहावं. डेस्कटॉपच्या जावात बॅकस्लॅश-डी फक्त 0 ते 9 ओळखतो. अँड्रॉइडवर तोच बॅकस्लॅश-डी युनिकोडचे सगळे अंक ओळखतो. म्हणजे संगणकावरची युनिट टेस्ट "१२३४" नाकारते आणि फोन तेच पास करून सर्व्हरकडे पाठवतो. फक्त आस्की अंक हवे असतील तर चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा, तेही अंक आस्की करून घेतल्यावर.

नंबरफॉरमॅटचे पार्स हे तयार साधन आहे आणि ते देवनागरी अंकही घेतं, "1,00,000" सुद्धा घेतं. पण ते फार सैल आहे. अमेरिकी लोकॅलवर "12,5" दिलं तर 125 देतं. "12 किलो" दिलं तर 12 देऊन गप्प बसतं, पुढचं वाचलंच नाही हे सांगत नाही. ते वापरणार असाल तर पार्सपोझिशनसह वापरा आणि वाचन स्ट्रिंगच्या शेवटापर्यंत पोचलं का हे तपासा.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये किंवा कन्सोल प्रोग्रॅममध्ये स्कॅनर वापरला जातो, त्याबद्दलही नेहमी विचारणा होते. स्कॅनरला देवनागरी अंक वाचता येतात, नेक्स्टडबलसुद्धा "१२.५" घेतो. पण "1,00,000" दिलं की इनपुटमिसमॅचएक्सेप्शन येते, कारण त्याच्या नियमात पहिल्या गटानंतर प्रत्येक गट तीनचाच हवा. "100,000" चालतं, लाखाची आपली पद्धत चालत नाही. आणि ही एक्सेप्शन पकडून पुन्हा वाचायला लावलं की प्रोग्रॅम अखंड फिरत राहतो: न जमलेला शब्द स्कॅनर गिळत नाही, तो तिथेच पडून असतो. एक्सेप्शन पकडल्यावर नेक्स्टलाइन बोलवून तो टाकून द्यावा लागतो. त्याच जातीची दुसरी अडचण म्हणजे नेक्स्टइंटनंतरचं नेक्स्टलाइन रिकामं येणं. नेक्स्टइंट आकड्यापाशी थांबतो, एंटर मागे उरतो, आणि नेक्स्टलाइन तेवढाच घेऊन परत येतो. दोन्हींवर माझा उपाय एकच: नेहमी नेक्स्टलाइनने पूर्ण ओळ वाचा आणि ती वरच्या मेथडला द्या.

पडद्यावरच्या लेबलमधला मजकूर परत वाचून हिशेब करू नका, हेही इथेच सांगतो. बेरजेचा आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवा, लेबल फक्त दाखवण्यापुरतं. या समस्येच्या बऱ्याच क्रॅशचा उगम लेबलवरून परत वाचण्यात असतो.

आधीच बिघडलेला डेटा

कोड सुधारला तरी जुन्या नोंदी तशाच राहतात, आणि हा भाग हमखास विसरला जातो. ज्याने मध्येच भाषा बदलली त्याच्या डेटाबेसमध्ये "00012" आणि "०००१२" अशा दोन पावत्या असू शकतात, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्या वेगळ्याच आहेत. सरसकट अंक बदलायला गेलात तर युनिक निर्बंधावर (एक क्रमांक एकदाच या नियमावर) आपटून अख्खं मायग्रेशन, म्हणजे डेटा बदलण्याचं काम, मागे फिरतं.

म्हणून आधी मोजा. ज्या मजकूर-स्तंभांत क्रमांक किंवा तारखा आहेत त्यांत देवनागरी अंक असलेल्या ओळी किती, आणि आस्की केल्यावर आधीच्या ओळींशी किती टक्करतात. टक्कर नसलेल्या ओळी थेट बदला. पोस्टग्रेस असेल तर ट्रान्सलेट या फंक्शनला "०१२३४५६७८९" आणि "0123456789" या दोन स्ट्रिंग दिल्या की झालं. एसक्यूलाइटमध्ये ते फंक्शन नाही, तिथे रिप्लेसमध्ये रिप्लेस असं दहा वेळा गुंफावं लागतं, किंवा ओळी जावात वाचून वरच्याच मेथडने बदलून परत लिहायच्या. टक्कर झालेल्या ओळी आपणहून एकत्र करू नका. त्या दोन खऱ्या, वेगवेगळ्या पावत्या असू शकतात. दुसरीला नवा क्रमांक द्या, जुना क्रमांक वेगळ्या स्तंभात जपून ठेवा आणि वापरणाऱ्याला दोन्ही दाखवा. तारखांना हा धोका नाही, त्या सरळ बदलता येतात. पण बदलेपर्यंत एसक्यूलाइटचं डेट फंक्शन त्यांच्यावर नल देतं, त्यामुळे मासिक बेरजांतून त्या गळालेल्या असतात. दुरुस्तीनंतर जुन्या महिन्यांच्या बेरजा वाढलेल्या दिसतील. हे आधीच कळवा, नाहीतर पुढची तक्रार "अपडेट केल्यावर हिशेब बदलला" अशी येईल.

ज्यांच्या रकमा शून्य म्हणून जतन झाल्या त्यांची मूळ रक्कम डेटाबेसमधून परत मिळत नाही. सर्व्हरवर विनंत्यांचे लॉग असतील तर तिथे मूळ मजकूर सापडू शकतो, ते आधी पाहा आणि लॉग पुसले जाण्याआधी पाहा. सापडलं नाही तर ज्या नोंदींत रक्कम शून्य आहे त्यांची यादी वापरणाऱ्याला द्या. त्याच्या वहीत ती असण्याची शक्यता मोठी आहे.

पुन्हा येऊ नये म्हणून

अँड्रॉइडच्या लिंटमध्ये (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनात) डिफॉल्टलोकॅल नावाची तपासणी आहे. लोकॅल न देता केलेलं स्ट्रिंग.फॉरमॅट, टूअपरकेस, टूलोअरकेस ती दाखवते. ती नुसता इशारा देते आणि इशारे कुणी वाचत नाही, म्हणून तिची पातळी बदलून एरर करा, बिल्डच थांबू दे. पहिल्या दिवशी मोठी यादी निघेल. तिच्यातली प्रत्येक ओळ उघडून "कोण वाचणार?" हा प्रश्न विचारा. सगळीकडे डोळे झाकून लोकॅल.रूट लावलंत तर पडद्यावरचे मराठी आकडेही जातील.

चूक बाहेरच्या लायब्ररीत असेल आणि तिचा कोड आपल्या हातात नसेल, तर तिला आकडा किंवा तारीख न देता आपणच लोकॅल.रूटने तयार केलेली स्ट्रिंग देता येते का ते पाहा. बऱ्याचदा येते. लायब्ररीच्या कर्त्यांना कळवताना "मराठीत चालत नाही" एवढंच लिहू नका, मराठी न येणाऱ्याला त्यातून काही बोध होत नाही. डिफॉल्ट लोकॅल मराठी करणारी एक ओळ, त्यांच्या मेथडला हाक मारणारी एक ओळ आणि आलेल्या स्ट्रिंगमधल्या अक्षरांचे क्रमांक, एवढं पाठवा. सोबत लिहा की नेपाळी आणि बंगालीवरही हेच होतं आणि इजिप्तच्या अरबीवरही. त्यांच्याकडे या भाषांपैकी कुणा ना कुणाची तक्रार आधीच पडून असण्याची शक्यता असते, आणि दोन तक्रारी जोडल्या गेल्या की दुरुस्तीला वेग येतो.